संगणकातले ग्रंथ शंभर वर्षे कसे टिकतील?



आपल्या समाजाच्या ग्रंथालयातील जुनी पुस्तके व कागद स्कॅन करून संगणकात ठेवावेत, अशी सूचना पालक-शिक्षक सभेत आली आणि ती सर्वांनाच पटली. तेव्हापासून मुले आम्हांला एकच प्रश्न विचारतात : "एकदा स्कॅन केले की पुस्तक कायमचे सुरक्षित झाले ना?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र "नाही" असे आहे. स्कॅन करणे ही जतनाची पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या कोणत्या, त्या एकट्या ग्रंथालयाला का चढता येत नाहीत, आणि म्हणून जगभरातील ग्रंथालये एकमेकांचा हात का धरतात, हे या पाठात समजून घेऊ. शेवटी आपल्या ग्रंथालयाविषयी काही विचार विश्वस्त मंडळापुढे ठेवले आहेत आणि विद्यार्थ्यांसाठी स्वाध्यायही आहे.

१. पूर्वीचे लोक काय करीत असत?

सुरुवात आपल्या उज्जैनपासूनच करू. सिंधिया प्राच्य विद्या शोध प्रतिष्ठान ही येथील संस्था ग्वाल्हेर संस्थानच्या काळात, १९३१ साली सुरू झाली. पुढे ती आपल्या विद्यापीठाशी जोडली गेली, जे १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झाले होते. या प्रतिष्ठानात हजारो हस्तलिखिते आहेत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या तोंडी 'पांडुलिपि' हा शब्द आधी येतो. मराठीत त्याला 'हस्तलिखित' म्हणतात आणि घरात आपण नुसते 'पोथी' म्हणतो.

पोथी टिकत कशी असे? कागद चांगला, शाई चांगली, वेष्टनाचे कापड चांगले, हे सर्व खरेच. पण कितीही जपली तरी पोथीला वाळवी लागते, पाणी लागते, आग लागते. ग्रंथ टिकला तो मुख्यतः नकलांमुळे. एका गावची पोथी पाहून दुसऱ्या गावी नक्कल होई आणि ती पाहून तिसऱ्या गावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पूर्ण केले. त्यासाठी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखितांचा विचार झाला. कोणत्या पोथीत कोणता श्लोक नंतर घातला गेला, कोणत्या पोथीत लेखनिकाची चूक झाली, हे पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्यावर समजले. एकच पोथी उरली असती, तर तिच्यात काय चुकले आहे हे कोणालाच कळले नसते. म्हणजे अनेक प्रतींचे दोन उपयोग आहेत. एक गेली तरी दुसरी उरते, आणि एक बिघडली तर दुसरीवरून ती सुधारता येते. पुढे संगणकाच्या बाबतीत हेच दोन उपयोग पुन्हा भेटतील.

याच भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला. कपाटे फोडली गेली, पुस्तकांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. देशातील एवढी नामवंत संस्थादेखील अशा प्रसंगातून सुटली नाही. ज्या ग्रंथाची प्रत दुसरीकडे असते, त्याचा मजकूर अशा वेळीही वाचतो. ज्याची नसते, त्याला उपाय नाही.

आपल्या माळव्यातील दुसरे उदाहरण पाहा. मंदसौर जिल्ह्यातील सीतामऊ हे छोटे गाव. तेथील महाराजकुमार डॉ. रघुबीर सिंह हे इतिहासाचे मोठे अभ्यासक. त्यांनी देशातील व युरोपातील ग्रंथालयांत असलेल्या फारसी हस्तलिखितांच्या छायाप्रती आणि मायक्रोफिल्म मिळवून सीतामऊला जमा केल्या. सर जदुनाथ सरकार आणि आपले मराठी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १९७४ साली त्यांनी तेथे नटनागर शोध संस्थानाची स्थापना केली. मूळ पोथी लंडनला आणि तिची प्रत सीतामऊला, ही व्यवस्था संगणक येण्याच्या आधीची आहे. मोठ्या संस्थेच्या ग्रंथाची प्रत लहान गावात राहू शकते, हे आपल्यासारख्या लहान ग्रंथालयाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२. नऊचा ताळा आणि घनपाठ

नक्कल करताना चूक होतेच. मग नक्कल बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

आपल्या आजोबांना 'नऊचा ताळा' विचारा. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. आता ताळा करू. २३ मधील अंकांची बेरीज ५, १४ मधील अंकांची बेरीज ५. पाच पंचे पंचवीस, २ अधिक ५ म्हणजे ७. उत्तर ३२२, त्याच्या अंकांची बेरीजही ७. ताळा जुळला. पूर्ण गुणाकार पुन्हा न करता उत्तर तपासले गेले. पण कोणी घाईत ३२२ ऐवजी २३२ लिहिले, तर बेरीज ७ च येईल आणि चूक निसटेल. म्हणजे नऊचा ताळा उपयोगी आहे, परंतु पक्का नाही.

वेदपाठी मंडळींनी यापेक्षा पक्का ताळा शोधला होता. महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेद विद्या प्रतिष्ठान १९८७ साली स्थापन झाले आणि १९९३ पासून ते आपल्या उज्जैनात आहे. वेदपाठाच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतील घनपाठात शब्द असे म्हणतात : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग दुसऱ्या शब्दापासून तीच घडण. प्रत्येक शब्द उलटसुलट इतक्या वेळा येतो की एखादा गळला किंवा जागा चुकला तर ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. शिवाय हा पाठ एकाच माणसाला नव्हे, तर गावोगावच्या अनेकांना मुखोद्गत असतो.

संगणकातही ताळा असतो. संगणक एखाद्या फाइलमधील सर्व मजकुरावर ठराविक गणित करतो आणि एक खूण काढतो. आज बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत ही खूण ६४ चिन्हांची असते. तीनशे पानांच्या पुस्तकाच्या फाइलमध्ये एका काण्याचा फरक पडला, तरी पूर्ण खूण बदलते. म्हणून ग्रंथ स्कॅन केल्या दिवशी ही खूण लिहून ठेवायची, आणि दरवर्षी पुन्हा काढून जुनीशी ताडून पाहायची. जुळली तर फाइल जशीच्या तशी आहे. जुळली नाही तर फाइल बिघडली आहे, आणि दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत आणायला हवी. दुसऱ्या ठिकाणी प्रतच नसेल, तर बिघाड कळून उपयोग काय?

३. संगणकातील प्रत का नष्ट होते?

कागदाच्या पुस्तकाकडे पन्नास वर्षे कोणी पाहिले नाही, तरी बहुधा ते वाचता येते. संगणकातील ग्रंथाकडे दहा वर्षे दुर्लक्ष केले, तर तो वाचता येईलच असे नाही. त्याची कारणे तीन प्रकारची आहेत.

पहिले कारण यंत्राचे. हार्ड डिस्क साधारणतः तीन ते पाच वर्षांनी बदलावी असा सल्ला दिला जातो. पेन ड्राइव्ह तर दीर्घकाळ जतनासाठी नसतोच. आपल्या स्नेहसंमेलनांच्या जुन्या सीडी कार्यालयाच्या कपाटात नीट ठेवलेल्या आहेत, पण कार्यालयातील नव्या संगणकाला सीडी घालण्याची जागाच नाही.

दुसरे कारण फाइलच्या स्वरूपाचे. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली एक मोठा प्रकल्प झाला. १०८६ साली तेथील राजाने केलेल्या जमीन-पाहणीची 'डूम्सडे बुक' नावाची वही प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून देशभरातील शाळकरी मुलांनी आपापल्या गावाची माहिती व छायाचित्रे जमवली आणि ती त्या काळच्या खास लेसर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली. विद्यापीठांतील तज्ज्ञांना जुन्या यंत्राची नक्कल करणारी संगणकप्रणाली मुद्दाम बनवावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीची मूळ वही मात्र आजही उघडून वाचता येते.

इतक्या दूर जायलाही नको. सन २००० च्या आसपासची आपल्या शाळेची पत्रके त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत. आज त्या फायली उघडल्या की मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि खुणा यांची खिचडी दिसते. ज्या पत्रकांच्या छापील प्रती आहेत तेवढीच वाचता येतात. त्या वेळी प्रत्येक फॉन्टवाल्याचे अक्षरांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून तो फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही. विद्यार्थ्यांनी मराठी टाइप करताना युनिकोडच वापरावे असा आग्रह आम्ही धरतो, त्याचे हे कारण आहे.

तिसरे कारण संस्थेचे. यंत्र चांगले, फाइल चांगली, पण ती सांभाळणारी संस्थाच थांबली तर? याचे उदाहरण आपल्या देशातच घडले. भारतातील जुनी पुस्तके स्कॅन करण्यासाठी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा उपक्रम सुरू झाला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांचा त्यात पुढाकार होता. २००३ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. देशातील निरनिराळ्या केंद्रांत लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ होती, कित्येक बाजारात कधीच मिळणार नाहीत अशी. पुढे काही पुस्तकांच्या प्रताधिकाराचे प्रश्न उभे राहिले आणि २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले.

मग ती पुस्तके गेली का? नाही. अमेरिकेतील 'पब्लिक रिसोर्स' या संस्थेने त्यांपैकी चार लाखांहून अधिक पुस्तकांची प्रत 'इंटरनेट अर्काइव्ह' या ग्रंथालयात ठेवली होती. हे ग्रंथालय १९९६ साली स्थापन झाले आणि सॅन फ्रान्सिस्को येथे आहे. आज उज्जैनमध्ये बसून आपण त्यांतील एखादे शंभर वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक वाचू शकतो, ते दुसऱ्या ठिकाणी प्रत होती म्हणूनच.

या उदाहरणातून दुसराही धडा मिळतो. त्या संग्रहात अनेक पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि अशुद्ध नोंदली गेली आहेत. लेखकाचे नाव एकाचे तीन प्रकारे लिहिलेले आढळते. पुस्तक तेथे असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही. नोंद चुकली की पुस्तक असून नसल्यासारखे.

आणि मोठी ग्रंथालयेही अभेद्य नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिची ग्रंथसूची काही महिने वाचकांना पाहता आली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवरही असाच हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होते. म्हणून "आता ते तिकडे आहे ना, मग झाले" असे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

४. ग्रंथालये एकत्र येऊन काय करतात?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ साली 'लॉक्स' नावाची व्यवस्था सुरू केली. 'प्रती पुष्कळ असतील तर वस्तू सुरक्षित राहते' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांवरून हे नाव तयार झाले. तिची रीत शाळेतल्या मुलांना सहज समजेल. वर्गात शुद्धलेखन झाल्यावर आपण शेजाऱ्यांच्या वह्यांशी आपली वही ताडून पाहतो. दहापैकी नऊ वह्यांत 'आशीर्वाद' आहे आणि एकीत 'आर्शिवाद' आहे, तर कोणती वही सुधारायची हे सांगावे लागत नाही. या व्यवस्थेत प्रत्येक ग्रंथालयाचा संगणक आपल्याकडील प्रतीचा ताळा इतर ग्रंथालयांच्या संगणकांशी ठराविक काळाने जुळवतो. ज्याची प्रत बिघडली असेल तो इतरांकडून ती दुरुस्त करून घेतो. यात कोणी मालक नाही. सगळे एकमेकांचे राखणदार.

दुसरे उदाहरण 'हाथीट्रस्ट'. नाव ऐकून मुलांना हसू येईल, आणि ते बरोबरच आहे. हत्ती काही विसरत नाही असे मानतात, म्हणून आपल्या हिंदीतील 'हाथी' हा शब्द अमेरिकेतील विद्यापीठांनी नावात घेतला. २००८ साली सुरू झालेल्या या संघात ग्रंथालयांनी आपापले स्कॅन केलेले ग्रंथ एकत्र ठेवले. आज त्यांची संख्या एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात गेली आहे. हा संग्रह एकाच गावी नसून मिशिगन व इंडियाना या दोन राज्यांत ठेवलेला आहे. एका ठिकाणी संकट आले तरी दुसरे चालू राहावे, हा हेतू. खर्च सर्व सभासद ग्रंथालये वाटून घेतात. एकाला न पेलणारे काम अशा वाटणीने पेलते.

आपल्या देशातही हे काम होत आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डिजिटल जतनाची प्रणाली विकसित केली. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने देशातील अनेक संस्थांकडे असलेली संगीत, नाट्य आणि लोककलांची ध्वनिमुद्रणे व चित्रफिती एकत्र करून एक राष्ट्रीय संग्रह उभारला. विश्वसनीय डिजिटल संग्रह कसा असावा याचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या मानकाचे प्रमाणपत्र जगात सर्वांत प्रथम मिळाले ते २०१७ साली आपल्या या संग्रहाला. या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. मानकात नुसती यंत्रे पाहत नाहीत. पैसा कोठून येणार, जबाबदारी कोणाची, संस्था बंद पडल्यास संग्रह कोणाच्या हाती जाणार, हेही विचारतात.

हस्तलिखितांसाठी केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले. देशभरातील संस्था त्यात केंद्रे म्हणून जोडल्या गेल्या, त्यांत आपले सिंधिया प्रतिष्ठानही होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' हे नवे अभियान जाहीर झाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. मराठीपुरते पाहिले तर राज्य मराठी विकास संस्थेने मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील दोलामुद्रितांचे संगणकीकरण केले आहे. दोलामुद्रित म्हणजे छपाई पाळण्यात होती त्या काळातील पुस्तक. मराठीत साधारणपणे १८६७ पूर्वीच्या छापील पुस्तकांना हा शब्द लावतात. ग्रंथ एका संस्थेचे आणि संगणकीकरण दुसऱ्या संस्थेचे, असे हे काम झाले.

५. कायदा काय सांगतो?

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे पुस्तकावर प्रताधिकार असतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांनी प्रसिद्ध केलेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांना खुली झाली. ज्या पुस्तकांचा प्रताधिकार शिल्लक आहे, त्यांच्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने एक सोय केली आहे. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाजवळ पुस्तकाची कागदी प्रत असेल, तर जतनासाठी ते त्याची संगणकीय प्रत ठेवू शकते. पण जतनासाठी ठेवणे वेगळे आणि सर्वांना वाटणे वेगळे. पालकांनी पूर्ण पुस्तक मोबाइलवर इकडून तिकडे पाठवण्यापूर्वी हा फरक लक्षात घ्यावा. आपले ग्रंथालय या सोयीत बसते की नाही, याचा सल्ला काम सुरू करण्याआधी वकिलांकडून घ्यावा.

६. आपल्या ग्रंथालयाचे काय?

आता मुख्य मुद्दा. राणोजी शिंद्यांच्या काळापासून, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे, मराठी कुटुंबे उज्जैनात राहत आहेत. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी ही कुटुंबे येथेच राहिली. त्यांचा इतिहास पुण्याच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल. तो सापडेल गणेशोत्सवाच्या स्मरणिकांत, समाजाच्या सभांच्या इतिवृत्तांत, विद्यार्थ्यांनी काढलेल्या हस्तलिखित वार्षिकांत आणि घरोघरच्या ट्रंकांत असलेल्या मोडी कागदांत. यांपैकी बहुतेकांची जगात एकच प्रत आहे, आणि ती येथे आहे.

ग्रंथालयातील कादंबऱ्या व नाटके स्कॅन करणे सोपे आहे, म्हणून ती आधी करावीत असे काहींचे मत आहे. आमचे मत वेगळे आहे. त्या कादंबऱ्या मुंबई, ठाणे, पुणे येथील ग्रंथालयांत आहेत, कित्येकांच्या स्कॅन प्रतीही झालेल्या आहेत. जे काम दुसऱ्याने केले आहे त्यावर आपला मर्यादित निधी खर्च होऊ नये. जे आपण केले नाही तर कोणीच करणार नाही, ते आपण आधी करावे. ग्रंथालयांनी एकत्र येण्याचा हाही एक लाभ आहे की काम वाटून घेता येते.

एक अडचण मोकळेपणाने मांडतो. घरातील कागद बाहेर देण्यास कुटुंबे तयार नसतात. अभ्यासासाठी नेलेले कागद परत आले नाहीत, असा अनुभव काही घरांनी पूर्वी घेतला आहे. त्यांची शंका रास्त आहे. म्हणून मूळ कागद घरच्यांच्या समोर स्कॅन करून त्याच वेळी परत द्यावा, आणि प्रत कोणाला दाखवायची हे कुटुंबानेच लेखी ठरवावे. इतिवृत्तांत व्यक्तींची नावे आणि देणग्यांचे तपशील असतात. तेही सरसकट खुले करू नयेत.

विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ आम्ही पुढील सूचना करीत आहोत.

(१) स्कॅन करण्याआधी नोंद. प्रत्येक वस्तूचे नाव देवनागरीत, वर्ष, पृष्ठसंख्या आणि अवस्था लिहावी.

(२) दुसरीकडे प्रत आहे का याचा तपास. २०१८ साली देशाला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, इंटरनेट अर्काइव्ह आणि मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांच्या सूची पाहाव्यात.

(३) जे एकमेव आहे ते प्रथम स्कॅन करावे. मोडी कागद सर्वांत आधी, कारण ते वाचणारे ज्येष्ठ आता थोडेच राहिले आहेत.

(४) प्रत्येक फाइलच्या किमान तीन प्रती. एक येथे, दुसरी इंदूर, देवास किंवा ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी संस्थेत, तिसरी महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या ग्रंथालयात. बदल्यात आपण त्यांच्या संग्रहाची प्रत सांभाळावी. ही देवघेव बरोबरीची असावी.

(५) दरवर्षी दसऱ्याला, पाटीपूजनाच्या दिवशी, सर्व प्रतींचा ताळा पाहावा. दर चार-पाच वर्षांनी हार्ड डिस्क बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी.

(६) एखादी संस्था बंद पडली तर तिच्या प्रती कोणाकडे जातील, याचा लेखी करार असावा.

यात सर्वांत अवघड सूचना चौथी आहे. यंत्र विकत मिळते, परंतु दुसऱ्या संस्थेवरचा विश्वास विकत मिळत नाही. वेगवेगळ्या गावच्या मराठी मंडळांनी स्नेहसंमेलने एकत्र केली आहेत, नाट्यस्पर्धाही केल्या आहेत. एकमेकांचे कागद सांभाळण्याची वेळ मात्र अजून आलेली नाही. ती आता आणावी असे आम्हांला वाटते.

काही पालक विचारतात, "मुले मराठी पुस्तके वाचतच नाहीत, मग हे सारे कोणासाठी?" प्रश्न टोचणारा आहे, आणि तो टाळता येणार नाही. आमचा विचार असा की नोंदीचे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घ्यावे. नोंद करायची तर पुस्तक उघडावे लागते, मुखपृष्ठ आणि प्रस्तावना वाचावी लागते. शंभर पुस्तकांची नोंद करणारे मूल त्यांतील दोन-चार घरी घेऊन गेले, तरी ग्रंथालयाला नवा वाचक मिळाला. सुटीत ज्येष्ठांकडून मोडीचा वर्ग घेता आला तर अधिकच चांगले.

स्वाध्याय

१. ४७ × ३६ = १६९२ याचा नऊचा ताळा करा. उत्तर १६२९ लिहिले असते तर ताळ्याने चूक पकडली असती का? कारण सांगा.

२. संगणकातील ग्रंथ नष्ट होण्याची तीन कारणे प्रत्येकी एका उदाहरणासह लिहा.

३. पाच मित्रांनी एकच परिच्छेद ऐकून लिहावा. पाचही वह्या ताडून मूळ परिच्छेद तयार करा. नंतर फक्त एकाच वहीवरून तो तयार करून पाहा. काय फरक पडला?

४. आपल्या घरातील सर्वांत जुना मराठी कागद किंवा पुस्तक शोधा. घरच्यांच्या परवानगीने त्याची नोंद करा : नाव, वर्ष, कोणाचे, कोठे ठेवले आहे, अवस्था कशी आहे. कागद शाळेत आणू नये, फक्त नोंद आणावी.

चौथ्या प्रश्नाच्या नोंदी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. त्या एकत्र करून विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत वरील सूचनांसोबत सादर करण्यात येतील.